कला, माता-पिता आणि बालमनावरील संस्कार : महात्मा गांधींच्या बालपणातून मिळणारा बोध

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मागे वळून पाहताना पन्नास वर्षांत काय उभे राहिले याचा हिशेब आपण आनंदाने मांडतो. मंदिराचा जीर्णोद्धार, उपाश्रयाची वास्तू, धर्मशाळा, ग्रंथालय, पाठशाळा या सर्व गोष्टी डोळ्यांना दिसतात आणि त्यांची नोंद अहवालात करता येते. परंतु ज्यासाठी हे सारे उभारले, तो संस्कार पुढच्या पिढीच्या आचरणात उतरला का, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही अहवालात सापडत नाही. पाठशाळेतील मुले सूत्रे तोंडपाठ म्हणतात, पर्युषणात नाटिका सादर करतात, स्वप्नांची चित्रे रंगवितात, स्तवने गातात. हे सर्व पाहून आपण कौतुकाने टाळ्या वाजवितो. मात्र ही मुले मोठी झाल्यावर व्यवहारात खरे बोलतील का, मुक्या जिवाविषयी त्यांच्या मनात करुणा राहील का, आई-वडिलांच्या वृद्धापकाळी त्यांच्याजवळ बसतील का, ही चिंता प्रत्येक सुज्ञ पालकाच्या मनात असतेच.

कला मुलाच्या मनावर काय परिणाम करते आणि त्यात माता-पित्यांचा वाटा किती, या प्रश्नाचा विचार अनेक शिक्षणतज्ज्ञांनी केला आहे. प्रस्तुत लेखात मात्र आपण इतिहासातील एकाच घराकडे पाहणार आहोत. ते घर सौराष्ट्रातील एका वैष्णव कुटुंबाचे होते; पण त्या घराचे दार जैन साधूंसाठी नेहमी उघडे असे. त्या घरातील मोहन नावाचा धाकटा मुलगा पुढे जगाला महात्मा म्हणून परिचित झाला. आपल्या बालपणाची हकीकत त्यांनी 1925 ते 1929 या काळात ‘नवजीवन’ साप्ताहिकातून क्रमशः लिहिलेल्या आत्मकथेत, स्वतःचे दोष न झाकता, सांगितली आहे. म्हणूनच ती अभ्यासाला विश्वासार्ह ठरते.

आपल्या परंपरेतील जुना धागा

चित्र आणि माता-पिता यांचा संबंध आपल्या परंपरेला नवा नाही. श्वेतांबर परंपरेत पर्युषण पर्वात कल्पसूत्राचे वाचन होते. पश्चिम भारतात मध्ययुगात या ग्रंथाच्या असंख्य सचित्र प्रती तयार झाल्या. त्यांत त्रिशला मातेची चौदा स्वप्ने जशी रंगविलेली असतात, तसाच आणखी एक हृद्य प्रसंग वारंवार आढळतो. आपल्या हालचालीने मातेला त्रास होऊ नये म्हणून गर्भस्थ वर्धमान स्थिर राहिले. गर्भाला काही अपाय झाला की काय, या शंकेने माता शोकाकुल झाली. ते जाणून त्यांनी किंचित हालचाल केली आणि मातेचा शोक आनंदात बदलला. माता-पिता हयात असेपर्यंत दीक्षा घ्यावयाची नाही, असा संकल्प त्यांनी त्याच वेळी केला, असे ही परंपरा सांगते.

ज्या श्रावकाला अर्धमागधी येत नव्हती, ज्या बालकाला अक्षरओळखही नव्हती, त्यालाही एका पानावरची शोकाकुल माता आणि दुसऱ्या पानावरची आनंदित माता पाहून कथेचा अर्थ कळत असे. दुसऱ्याला दुःख होऊ नये ही अहिंसेची पहिली पायरी अशा रीतीने डोळ्यांवाटे मनात उतरे. पाच-सहा शतकांनंतर राजकोटमधील एका मुलाच्या बाबतीत काय घडले, हे पाहताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवावी.

काबा गांधींचे घर

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म 2 ऑक्टोबर 1869 रोजी पोरबंदर येथे झाला. वडील करमचंद ऊर्फ काबा गांधी हे पोरबंदरचे आणि पुढे राजकोटचे दिवाण होते. त्यांचे शालेय शिक्षण बेताचेच होते. परंतु व्यवहारज्ञान दांडगे आणि सचोटी निष्कलंक होती. त्यांच्याकडे जैन साधू नेहमी येत, धर्माच्या आणि व्यवहाराच्या गोष्टी करीत, आणि जैनेतर कुटुंब असूनही त्या घरची भिक्षा स्वीकारीत. मुसलमान आणि पारशी स्नेहीही येत. वडील आपापल्या धर्माविषयी बोलणाऱ्या या सर्वांचे म्हणणे आदराने ऐकून घेत. आजारी वडिलांच्या शुश्रूषेत असलेला मोहन हे संवाद बाजूला बसून ऐके. सर्व धर्मांविषयीचा समभाव त्या मुलाला कोणी धडा म्हणून शिकविला नाही. तो घरातील बैठकीत नकळत रुजला.

माता पुतळीबाई व्रतस्थ होत्या. नित्याची प्रार्थना झाल्याशिवाय त्या अन्न घेत नसत. चातुर्मासात त्या एकाहून एक कठीण व्रते करीत आणि आजारपणातही घेतलेले व्रत मोडीत नसत. एका चातुर्मासात सूर्यदर्शन झाल्याशिवाय भोजन करावयाचे नाही, असा त्यांचा नेम होता. पावसाळ्याच्या दिवसांत सूर्य कित्येकदा ढगांआड लपलेला असे. मुले अंगणात उभी राहून आकाशाकडे टक लावून पाहत आणि सूर्य दिसताच आईला हाक मारीत. आई धावत बाहेर येई, तोवर सूर्य पुन्हा लपलेला असे. आज जेवण देवाच्या मनात नाही, असे म्हणून ती हसतमुखाने कामाला लागे.

नवकारसीचे पच्चक्खाण घेणाऱ्या आपल्या घरांतील मुलांना हा प्रसंग परका वाटणार नाही. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, आईने मुलांना व्रताचे महत्त्व व्याख्यान देऊन सांगितले नाही. उपवासाचा त्रागा केला नाही, स्वतःच्या तपाचे कौतुकही मिरविले नाही. मुलांनी पाहिला तो तिचा प्रसन्न चेहरा. पुढील आयुष्यात गांधीजींनी उपवासाला जे स्थान दिले, त्याची पहिली शाळा हे अंगण होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

दोन नाटके आणि एक वाजा

शाळेत मोहन बुजरा आणि सामान्य विद्यार्थी होता. पाठ्यपुस्तकांखेरीज वाचनाची त्याला फारशी गोडी नव्हती. अशा वेळी वडिलांनी आणलेले श्रावणाच्या पितृभक्तीवरील एक नाटकाचे पुस्तक त्याच्या हाती पडले आणि त्याने ते अत्यंत आवडीने वाचून काढले. त्याच दिवसांत काचेतून चित्रे दाखविणारे फिरते खेळकरी गावात आले. अंध माता-पित्यांना कावडीत बसवून यात्रेला नेणाऱ्या श्रावणाचे चित्र मोहनने त्यांच्या खेळात पाहिले. आपणही असेच व्हावे, हा विचार त्याच्या मनात घट्ट बसला. नाटकात श्रावणाच्या मृत्यूनंतर माता-पित्यांनी केलेला विलाप होता. त्या करुण चालीने तो इतका हेलावला की, वडिलांनी घेऊन दिलेल्या कॉन्सर्टिना या छोट्या हातपेटीवर तो ती चाल पुनःपुन्हा वाजवी.

या प्रसंगाकडे बारकाईने पाहावे. साहित्य, चित्र आणि संगीत या तिन्ही कला एकाच कथेच्या निमित्ताने त्या मुलाच्या आयुष्यात आल्या. त्यांपैकी पुस्तक वडिलांचे आणि वाद्यही वडिलांनीच दिलेले. शिवाय ज्या पितृसेवेची ही कथा, ती सेवा करण्याचे प्रत्यक्ष क्षेत्र घरातच होते. कारण वडील आजारी असत आणि रोज रात्री त्यांचे पाय चेपण्याचे काम मोहनकडे होते. कलेने जी भावना जागविली, तिला कृतीची वाट घराने मोकळी करून दिली.

पुढे वडिलांची परवानगी घेऊन मोहनने एका नाटक कंपनीचे राजा हरिश्चंद्राचे नाटक पाहिले. ते पाहून त्याचे समाधान होईना. परंतु पुन्हा पुन्हा जाण्याची परवानगी कोण देणार? मग त्याने मनातल्या मनात ते नाटक असंख्य वेळा केले. सर्वांनीच हरिश्चंद्रासारखे सत्यवादी का होऊ नये, हा प्रश्न त्याला रात्रंदिवस भेडसावू लागला. हरिश्चंद्र ऐतिहासिक पुरुष नसावा, असे बुद्धीला पुढे पटले, तरी हरिश्चंद्र आणि श्रावण आपल्यासाठी जिवंतच आहेत, असे गांधीजींनी प्रौढपणी नमूद केले आहे. श्यामळ भट्ट या गुजराती कवीच्या एका नीतिपर छप्प्यानेही त्यांच्या मनाची अशीच पकड घेतली. अपकाराची फेड उपकाराने करावी, हा त्यातील विचार त्यांच्या आयुष्याचे सूत्र बनला.

कलेची दुसरी बाजू

येथवर वाचून कोणाला वाटेल की, मुलांना चांगली नाटके दाखविली आणि चांगली पदे शिकविली की काम झाले. आत्मकथा आपल्याला इतक्यावर थांबू देत नाही.

त्या काळी राजकोटच्या शाळकरी मुलांत कवी नर्मद यांची एक चुटकेवजा रचना फार प्रिय होती. इंग्रज मांसाहारी म्हणून धिप्पाड आणि म्हणून तो आपल्यावर राज्य करतो, असा तिचा आशय. ती गुणगुणत मुले मांसाहाराकडे ओढली गेली. मोहनही एका मित्राच्या आग्रहाने आणि देशाला बलवान करण्याच्या भाबड्या कल्पनेने त्या मार्गाला लागला. सुमारे वर्षभरात पाच-सहा वेळा त्याने चोरून मांसाहार केला. ज्या कानांनी श्रावणाचा विलाप ऐकला, त्याच कानांनी ही रचनाही ऐकली होती. यमक, ताल आणि ठसका यांचा प्रभाव सद्विचारावर जसा होतो, तसाच कुविचारावरही होतो. कला हे प्रभावी वाहन खरे. त्यात कोण बसले आहे हे पाहण्याची जबाबदारी मोठ्यांवर राहते.

मग मोहन परतला तो कशामुळे? त्या दिवशी घरी जेवण नको म्हणताना आईला खोटे कारण सांगावे लागे. हे खोटे त्याला असह्य झाले. आपण मांस खाल्ले हे कळल्यास आई-वडिलांच्या काळजाला केवढा धक्का बसेल, हे तो जाणत होता. माता-पिता हयात असेपर्यंत मांसाला शिवावयाचे नाही, असा निश्चय त्याने केला. आणि पुढे तो निश्चय आजन्म टिकला. गर्भस्थ वर्धमानांच्या संकल्पाची कथा येथे आठवल्यावाचून राहत नाही.

वडिलांचे अश्रू

पंधराव्या वर्षी मोहनच्या हातून आणखी एक अपराध घडला. भावाला झालेले सुमारे पंचवीस रुपयांचे कर्ज फेडण्यासाठी त्याने भावाच्याच सोन्याच्या कड्याचा तुकडा कापला. कर्ज फिटले, पण मनाला स्वस्थता नव्हती. वडिलांसमोर बोलण्याचे धैर्य होईना, म्हणून त्याने चिठ्ठी लिहिली. तीत अपराध कबूल केला, शिक्षा मागितली, आपल्या अपराधाचे दुःख वडिलांनी स्वतःवर ओढवून घेऊ नये अशी विनवणी केली आणि पुन्हा चोरी न करण्याची प्रतिज्ञा केली.

वडील आजारी होते, लाकडी पाटावर पडून असत. चिठ्ठी वाचण्यासाठी ते उठून बसले. त्यांच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले आणि कागद भिजला. क्षणभर डोळे मिटून त्यांनी विचार केला, चिठ्ठी फाडली आणि ते पुन्हा आडवे झाले. ते रागावतील, कपाळ बडवून घेतील, अशी मुलाची भीती होती. तसे काहीच झाले नाही. त्या वेळी मोहनला त्यात पित्याचे प्रेम दिसले. तो शुद्ध अहिंसेचा पदार्थपाठ होता, हे त्याला पुढे उमगले.

रंगभूमीवरील हरिश्चंद्राने त्या मुलाला सत्याची ओढ लावली होती. परंतु सत्य सांगितल्यावर घरात काय होते, हे नाटक शिकवू शकत नव्हते. त्या दिवशी वडिलांनी कठोर शिक्षा केली असती, तर कदाचित तो मुलगा सत्य लपविण्यास शिकला असता. वडिलांच्या अश्रूंनी नाटकातील सत्य खरे करून दाखविले.

बेचरजी स्वामी आणि रायचंदभाई

1885 मध्ये वडील निवर्तले. 1888 मध्ये बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला जाण्याचा प्रश्न आला, तेव्हा आईचे मन धजेना. त्या वेळी कुटुंबाचे हितचिंतक बेचरजी स्वामी मदतीला आले. ते मूळचे मोढ वणिक. पुढे जैन साधू झालेले. त्यांनी मोहनला मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा दिली आणि मातेने अनुज्ञा दिली. लंडनमध्ये या प्रतिज्ञेमुळे कित्येक दिवस अर्धपोटी राहावे लागले. तेथील शाकाहारी भोजनगृह सापडल्यावर आणि हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक वाचल्यावर जे व्रत आईसाठी पाळले होते, ते स्वतःच्या विचाराने स्वीकारलेले व्रत झाले. माता-पित्यांनी दिलेला संस्कार असा मुलाच्या स्वतःच्या मालकीचा व्हावा लागतो.

1891 मध्ये मुंबईत परतल्यावर आई हे जग सोडून गेल्याची वार्ता त्यांना समजली. त्याच सुमारास मुंबईतच जवाहिऱ्याचा व्यवसाय करणाऱ्या रायचंदभाईंची, म्हणजेच श्रीमद् राजचंद्रांची भेट झाली. श्रीमदांचे पिता वैष्णव आणि माता जैन; त्यांच्याही घडणीत घरातील दोन श्रद्धांचा संगम होता. पेढीवर लाखोंचा व्यवहार करताना आत्मचिंतनात रमणाऱ्या या पुरुषाचा प्रभाव आपल्यावर सर्वाधिक पडला, असे गांधीजींनी कृतज्ञतेने नोंदविले आहे.

शिक्षक गांधीजी आणि कला

स्वतः शिक्षकाच्या भूमिकेत आल्यावर गांधीजींनी या अनुभवांचा उपयोग केला. आपल्या वाईट हस्ताक्षराची त्यांना आयुष्यभर लाज वाटे. त्यावर विचार करता मुलांना आधी चित्र काढावयास शिकवावे आणि मगच अक्षर गिरवावयास द्यावे, फुले आणि पक्षी न्याहाळावेत तशी अक्षरेही आधी न्याहाळू द्यावीत, असे त्यांचे मत बनले. नीट पाहण्याची सवय ही त्यांच्या दृष्टीने शिक्षणाची पहिली पायरी होती. आपल्या पायाखालच्या सूक्ष्म जिवाला जपावयाचे, तर आधी तो दिसला पाहिजे, हे ईर्यासमिती जाणणाऱ्या समाजाला वेगळे सांगावयास नको.

दक्षिण आफ्रिकेत 1910 मध्ये स्थापन झालेल्या टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी मुलांना शिकविले. मुलांकडून भजने पाठ करून घेतली, नीतीची पुस्तके वाचून दाखविली. पण आत्म्याचे शिक्षण पुस्तकाने होत नाही, ते शिक्षकाच्या आचरणाने होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. एका व्रात्य मुलाला एकदा त्यांनी रूळ मारला, तेव्हा त्यांचाच हात थरथरत होता आणि त्या कृत्याचा पश्चात्ताप त्यांना कायम राहिला. पुढे फिनिक्स आश्रमातील दोघांचे नैतिक पतन झाल्याचे कळताच त्यांनी स्वतः सात दिवस उपवास केला. पित्याच्या अश्रूंची स्मृती या उपवासामागे दिसते.

साबरमती आश्रमात पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य पं. नारायण मोरेश्वर खरे या महाराष्ट्रीय गायकाने संगीताची धुरा वाहिली आणि आश्रम भजनावलीचे संकलन केले. डिसेंबर 1936 मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. त्या नगराची सजावट शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बसू यांनी बांबूसारख्या साध्या, स्थानिक साहित्यातून केली. खेड्यातील माणसालाही सौंदर्याचा अधिकार आहे, हा त्यामागील भाव होता. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्धा येथे शिक्षण परिषद झाली आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने मूलोद्योग शिक्षणाचा अभ्यासक्रम तयार केला. त्यात हस्तोद्योगाबरोबर चित्रकला आणि संगीत यांनाही स्थान मिळाले. 1944 मध्ये शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद सेवाग्रामला आले आणि त्यांनी तेथील मुलांमध्ये चित्रकलेचे दीर्घकाळ काम केले.

एक सावधगिरी

इतिहास लिहिताना उणी बाजू वगळू नये. ज्या गांधीजींनी असंख्य मुलांना पित्याचे प्रेम दिले, त्यांचे थोरले पुत्र हरिलाल 1911 मध्ये पित्यापासून दुरावले. आपल्याला रीतसर शिक्षण मिळू दिले नाही, ही त्यांची तक्रार होती. पुत्रांची ही तक्रार गांधीजींनी आत्मकथेत नोंदविली असून, आपली त्रुटी काही अंशी मान्यही केली आहे. पित्याचे आचरण कितीही उच्च असले, तरी मुलाचे म्हणणे ऐकून घेण्यास पर्याय नाही. काबा गांधींनी चिठ्ठी वाचण्यासाठी उठून बसण्याचे कष्ट घेतले, ही लहानशी गोष्ट म्हणूनच फार मोठी आहे.

आपल्यासाठी

या इतिहासावरून आपल्या पाठशाळेसाठी काय घ्यावे? पाठशाळेत चित्र, नाट्य आणि संगीत यांना अधिक वाव द्यावा, हे तर खरेच; कारण जे सूत्र पाठ होते ते विसरते, पण नेमीकुमारांनी पशूंचा आक्रोश ऐकून वरातीतून परत फिरविलेला रथ ज्या मुलाने स्वतः रंगविला, त्याच्या मनातून तो सहसा पुसला जात नाही. त्याबरोबरच नाटिकेच्या दिवशी केवळ छायाचित्रे घेऊन परतू नये. त्या रात्री मुलाजवळ बसून, तुला त्यात काय आवडले, असे विचारावे. आणि ज्या घरात मूल क्षमापनेचे स्तवन म्हणते, त्या घरात संवत्सरीच्या दिवशी वडिलांनी मुलालाही मनःपूर्वक ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणावे.

पाठशाळा मुलाला सूर्य कोठे उगवतो ते दाखवील. त्या सूर्याची वाट पाहत प्रसन्न मुद्रेने उभी असलेली आई मात्र त्याला घरीच भेटावी लागेल. संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांत आपल्या प्रत्येक घरी अशी आई आणि चिठ्ठी वाचण्यासाठी उठून बसणारे वडील असोत, हीच जिनचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!